कोथिंबिरीची जुडी आणि यंत्राचे अंदाज

रविवारी संध्याकाळी पावणेआठला पाहुणे टेकले. मसालेभात तयार होता, पण वरून भुरभुरायला कोथिंबीर नव्हती. फोन काढला आणि अ‍ॅपवर एक जुडी मागवली. एवढ्याशा जुडीला डिलिव्हरीचे वेगळे पैसे पडले असते, म्हणून सोबत दही आणि लिंबंही घेतली. अ‍ॅपने 11 मिनिटं सांगितली. नवव्या मिनिटाला फोन वाजला.

"काका, कुठंय तुमची बिल्डिंग? मला तर भिंतीपल्याड दाखवायलंय."

बोलण्यावरून पोरगा लातूर-नांदेडकडचा वाटला. तो आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत उभा होता. मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. आमचं गेट पुढच्या रस्त्यावर आहे आणि मागच्या गल्लीतून तिथं यायचं तर नाल्यावरच्या पुलावरून चांगला सव्वा किलोमीटरचा वळसा पडतो. शेवटी मीच खाली गेलो, चपला काढून कुंडीच्या कट्ट्यावर चढलो आणि भिंतीवरून पिशवी घेतली.

त्या नऊ मिनिटांत माणसांनी फार थोडे निर्णय घेतले होते. बाकीचे यंत्राने घेतले होते: मला काय हवंय, ते दुकानात किती ठेवायचं, कुठल्या रायडरला पाठवायचं, माझं घर कुठे आहे, मला किती मिनिटं सांगायची. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं की डोळ्यासमोर माणसासारखा विचार करणारा रोबो येतो. ऑनलाइन खरेदीच्या धंद्यात तिचं काम त्यापेक्षा बरंच साधं आहे. जुन्या नोंदी चाळायच्या आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, दिवसातून कोट्यवधी वेळा. अंदाज म्हटला की तो कधीतरी चुकणार. म्हणून प्रत्येक ठिकाणी मला एकच गोष्ट पाहावीशी वाटते: चुकला तर भुर्दंड कुणाच्या खिशाला?

सांबार म्हणजे कोथिंबीर

सुरुवात शोधण्यापासून करू. मी 'कोथिंबीर' म्हणतो, कुणी 'कोथमीर' म्हणतं, कुणी सरळ 'धनिया' टाइप करतं. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची तर प्रत्येकाची स्पेलिंग वेगळी. आणि विदर्भात कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. नागपूरच्या माणसाने 'सांबार' शोधलं आणि समोर इडलीबरोबरच्या सांबाराचा मसाला आला, तर यंत्राची चूक म्हणायची की नागपूरकराची?

पूर्वी असा शोध शब्दाला शब्द जुळवून व्हायचा. शब्द जुळला नाही तर 'काही सापडलं नाही'. आता यंत्र शब्दांपेक्षा लोक पुढे काय करतात ते बघतं. नागपुरात 'सांबार' शोधणाऱ्यांपैकी बरेच जण मसाल्याची पाकिटं बघून पुढे सरकतात, मग 'धनिया' टाइप करतात आणि जुडी टोपलीत टाकतात. अशा हजारो नोंदी जमल्या की यंत्राच्या लेखी हे दोन शब्द एकमेकांजवळ येतात. 'जवळ' हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. प्रत्येक शब्दाला आणि प्रत्येक वस्तूला यंत्र आकड्यांची एक लांबलचक रांग देतं. नकाशावर गावाला अक्षांश-रेखांश असतात, तसंच हे, फक्त दोनऐवजी शेकडो आकडे. एकाच संदर्भात येणारे शब्द या नकाशावर शेजारी-शेजारी येऊन बसतात. चेन्नईचा 'सांबार' मसाल्याच्या वस्तीत राहतो आणि नागपूरचा भाजीच्या.

यात एक मेख आहे. यंत्र वापरातून शिकतं, आणि वापरायला आधी दार उघडं लागतं. फ्लिपकार्टवर मराठी आली ती ऑक्टोबर 2020 मध्ये आणि अ‍ॅमेझॉनवर सप्टेंबर 2021 मध्ये. तोवर मराठी माणूस इंग्रजीत किंवा हिंदीत शोधत होता आणि यंत्रही तेवढंच शिकत होतं. ज्या बोलीत कमी लोक टाइप करतात तिचे शब्द नकाशावर अधांतरी लटकत राहतात, आणि त्याचा भुर्दंड तो शब्द वापरणाऱ्यालाच पडतो. तो दोनदा शोधतो, तिसऱ्यांदा हिंदीत टाइप करतो.

वाण्याला एकादशी माहीत असते

आमच्या कोपऱ्यावरचे वाणी एकादशीच्या आदल्या दिवशी वरईचं पोतं पुढे आणून ठेवतात. वरई मागितली की न विचारता "साबुदाणा किती?" म्हणतात. अ‍ॅपही हेच करतं, पण त्याला एकादशी माहीत नसते.

ही युक्ती अ‍ॅमेझॉनमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी घडली. आधीची रीत अशी होती की तुमच्यासारखे ग्राहक शोधायचे आणि त्यांनी घेतलेल्या वस्तू तुम्हाला दाखवायच्या. ग्राहक लाखांवरून कोटींवर गेले, तेव्हा प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करणं झेपेना. मग त्यांनी गणित उलटं केलं. माणसांची तुलना सोडून दिली आणि वस्तूंची केली. कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर जाते, याचा तक्ता आधीच तयार ठेवला. ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी 2003 मध्ये यावर जो लेख लिहिला, तो पुढे या क्षेत्रात गाजला.

हिशेब असा चालतो. समजा 1,000 टोपल्या आहेत. त्यातल्या 600 टोपल्यांत दूध आहे, 80 मध्ये साबुदाणा आणि 50 मध्ये वरई. वरईच्या 50 टोपल्या उघडून पाहिल्या तर 30 मध्ये दूध आणि 35 मध्ये साबुदाणा निघाला. 30 आणि 35 या आकड्यांत फरक थोडासाच आहे. पण दूध एरवीही शंभरातल्या साठ जणांकडे असतं आणि वरईवाल्यांतही साठच जणांकडे निघालं, म्हणजे दुधाचा वरईशी काही संबंध नाही. साबुदाणा एरवी शंभरात आठ, आणि वरईवाल्यांत शंभरात सत्तर. जवळजवळ नऊ पट. यंत्राला उपवास कळला नाही, पण उपवासाची टोपली कळली.

इथपर्यंत छान. पण तुम्हाला जे दिसतं, ते फक्त तुमच्या सोयीचं म्हणून दिसतं असं समजू नका. यादीत वर बसायला कंपन्या पैसे मोजतात. 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते हेच. तिथे ढोबळमानाने दोन आकड्यांचा गुणाकार होतो: कंपनी एका क्लिकचे किती पैसे द्यायला तयार आहे, आणि तुम्ही क्लिक कराल याची शक्यता यंत्राला किती वाटते. एकट्या अ‍ॅमेझॉनला 2024 मध्ये जाहिरातींतून 56 अब्ज डॉलरच्या आसपास मिळाले. वाण्याने साबुदाणा सुचवण्यासाठी साबुदाण्याच्या कंपनीकडून पैसे घेतले असते तर आपण त्याला दोन शब्द सुनावले असते. 'फक्त 2 शिल्लक', 'ऑफर 9 मिनिटांत संपतेय' या पाट्याही त्यातल्याच. काही खऱ्या असतात, काही नुसत्या धाकासाठी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा फसव्या मांडणीचे 13 प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई करणं आणि टोपलीत गुपचूप भर घालणं हे दोन्ही त्या यादीत आहेत.

किती जुड्या ठेवायच्या?

आता सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे येऊ. दहा-पंधरा मिनिटांत सामान येतं ते रायडर गाडी दामटतो म्हणून, असा समज आहे. खरं कारण वेगळं आहे. तुम्ही मागवण्याआधीच ते तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर येऊन पडलेलं असतं. अशा जागेला डार्क स्टोअर म्हणतात. बाहेर पाटी नाही, आत गिऱ्हाईक नाही, नुसती मांडणी आणि सामान भरणारी मुलं. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे त्यांना हातातला फोन सांगतो. जास्त खपणाऱ्या वस्तू पॅकिंगच्या टेबलाजवळ, आणि वर्षातून दोनदा लागणारी रांगोळीची चाळणी पार कोपऱ्यात. सगळा खेळ या दुकानात सकाळी काय येऊन पडलं, यावर आहे.

कोथिंबिरीच्या किती जुड्या? जास्त आणल्या तर संध्याकाळपर्यंत मान टाकतात. कमी आणल्या तर माझ्यासारखा आठ वाजता हात हलवत परत जातो. एका दुकानाचे मागचे दहा रविवार घेऊ. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत: 22, 25, 26, 28, 30, 31, 33, 36, 40, 52. सरासरी 32 च्या थोडी वर. शाळेतल्या गणिताप्रमाणे 32 जुड्या आणाव्यात. पण धंद्यात सरासरीला कुणी विचारत नाही.

जुडी 12 रुपयांना आणली आणि 20 ला विकली, असं धरू. जुडी कमी पडली तर 8 रुपयांचा नफा हुकतो. उरली तर 12 रुपये पाण्यात. उरण्याचं नुकसान मोठं, म्हणून हात आखडता घ्यायला हवा. किती आखडता, त्याचं सूत्र सोपं आहे: हुकणारा नफा भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज. 8 भागिले 20, म्हणजे 0.4. दहापैकी चार रविवारी पुरेल इतकाच माल आणायचा. वरच्या यादीत चौथा आकडा 28. म्हणजे 28 जुड्या. आमच्या मंडईतली भाजीवाली हे सूत्र न शिकता असंच वागते. "संपली, उद्या ये," म्हणते आणि निवांत बसते.

अ‍ॅपचं तसं नाही. कोथिंबीर नाही म्हटल्यावर मी दही आणि लिंबंही घेत नाही, अख्खी टोपली घेऊन दुसऱ्या अ‍ॅपवर जातो. कदाचित परत येतच नाही. मग जुडी कमी पडण्याचं नुकसान 8 रुपये उरत नाही. ते 40 धरा. 40 भागिले 52, म्हणजे 0.77. दहापैकी आठ रविवारी पुरला पाहिजे इतका माल. यादीतला आठवा आकडा 36. तेच दुकान, तेच गिऱ्हाईक, तीच कोथिंबीर, आणि जुड्या आठ जास्त. यंत्र हुशार झालं म्हणून हे घडलेलं नाही. चुकीची किंमत बदलली, म्हणून उत्तर बदललं. अ‍ॅपवर गोष्टी 'नेहमी असतात' याचं रहस्य बरंचसं इथे आहे, आणि बऱ्याच रात्री डार्क स्टोअरच्या मागच्या दाराला टाकून दिलेल्या भाजीचे क्रेट का दिसतात याचंही.

यंत्राचं खरं काम म्हणजे ती दहा आकड्यांची यादी नेमकी करणं. पाऊस असेल तर यादी वेगळी, क्रिकेटचा सामना असेल तर वेगळी, पगाराच्या आठवड्यात वेगळी. आणि इथे आपल्याकडे एक मजेदार घोळ आहे. यंत्र शिकतं इंग्रजी तारखांवर, आपण जेवतो तिथीवर.

गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, आणि 2026 मध्ये 14 सप्टेंबरला. 'मागच्या वर्षी या तारखेला काय खपलं' असं विचारणारं यंत्र मोदकाचं पीठ दरवर्षी भलत्याच आठवड्यात मागवेल. म्हणून त्याला पंचांग शिकवावं लागतं. तेही कुठलं? उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावस्येनंतर. 2025 मध्ये उत्तरेचा श्रावण 11 जुलैला लागला आणि आपला 25 जुलैला. दिल्लीच्या नोंदींवर शिकलेलं यंत्र मुंबईत अंडी आणि चिकन दोन आठवडे आधीच कमी करून टाकेल, आणि ते दोन आठवडे कसले? गटारीच्या आधीचे! बरं, त्या वर्षी गटारी अमावस्या आली गुरुवारी. अनेक घरांत गुरुवारी सामिष चालत नाही, त्यांची गटारी आधीच उरकलेली. 2023 मध्ये तर अधिक श्रावण होता, म्हणजे श्रावण दोन महिन्यांचा. याआधीचा अधिक श्रावण 2004 चा. तेव्हा असली अ‍ॅपंच नव्हती, त्यामुळे यंत्राजवळ दाखला शून्य. कुणी दोन्ही महिने पाळले, कुणी फक्त निज श्रावण. अशा वेळी यंत्रापेक्षा कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला विचारलेलं बरं.

पत्ता नावाची भानगड

आपले पत्ते हे पत्ते नसून गोष्टी असतात. 'जुन्या पोस्टासमोर, दूध डेअरीच्या वर, गणपतीच्या देवळाशेजारची गल्ली.' पोस्ट हलून दहा वर्षं झाली, देवळं गल्लीत तीन, आणि साई अपार्टमेंट तर प्रत्येक वॉर्डात.

देशाला पिनकोड मिळाला तो 15 ऑगस्ट 1972 ला, आणि तो देणारे गृहस्थ मराठी होते. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे पंडित आणि कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, न वाचता येणारं अक्षर, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा विभागाचा. आपला महाराष्ट्र आणि गोवा 4 मध्ये येतात. पण पिनकोड पोस्टमनच्या हद्दीपर्यंतच नेतो. देशभरात ते 19 हजारांच्या आसपास, म्हणजे एकेका पिनकोडात हजारो घरं. पुढचं पोस्टमन बघून घ्यायचा. तोच पोस्टमन वर्षानुवर्षं असायचा, त्याला आजीचं आडनावही ठाऊक असायचं. रायडर महिन्या-महिन्याला बदलतो. मग पोस्टमनच्या डोक्यातली माहिती कुठेतरी साठवावी लागते.

यंत्र ती दोन वाटांनी मिळवतं. एक, लिहिलेल्या पत्त्याची फोड करायची: हे इमारतीचं नाव, ही खूण, आणि 'समोर', 'मागे', 'फाटा', 'नाका' हे शब्द काय सांगतात. दुसरी वाट जास्त कामाची. आधीच्या रायडरांनी 'डिलिव्हर झालं' हे बटण कुठे उभं राहून दाबलं, ते ठिपके गोळा करायचे. एका पत्त्यावर वीस वेळा सामान गेलं की वीस ठिपक्यांचा पुंजका दिसतो, तिथे दार असणार असं धरायचं. एखादा रायडर घाईत कोपऱ्यावरच बटण दाबतो, उंच इमारतींत जीपीएस भरकटतं, पण पुंजक्याचा मध्य सहसा खरा निघतो.

सहसा. आमच्या बाबतीत इमारतीचा ठिपका बरोबर होता. पण नकाशा ठिपक्याला सगळ्यात जवळच्या रस्त्याशी जोडतो, आणि जवळचा रस्ता निघाला मागची गल्ली. भिंत नकाशावर नाही.

टपाल खात्याने मे 2025 मध्ये डिजिपिन आणला. साऱ्या देशावर सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीला दहा अक्षरी संकेत दिला. कल्पना चांगली आहे. पण अकराव्या मजल्याचा आणि तळमजल्याचा डिजिपिन एकच, आणि भिंत त्यातही दिसत नाही.

ड्रायव्हर वेगळा का जातो?

मोठ्या पार्सलच्या गाडीला दिवसात शंभरच्या वर थांबे असतात. कुठल्या क्रमाने जायचं? दहा थांब्यांचे क्रम 36,28,800 होतात. पंधराचे 1.3 लाख कोटी. विसाच्या पुढे आकडा म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. एकेक क्रम तपासत बसायला जगातले संगणक पुरणार नाहीत, म्हणून 'बऱ्यापैकी चांगला' क्रम पटकन काढण्याच्या युक्त्या गणितींनी कित्येक दशकं घासून काढल्या आहेत.

पण अ‍ॅमेझॉनला एक गोष्ट खटकत होती. संगणक सगळ्यात लहान मार्ग देतो आणि जुनेजाणते ड्रायव्हर तो सोडून आपल्याच वाटेने जातात. 2021 मध्ये त्यांनी एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठाबरोबर एक स्पर्धा ठेवली. अमेरिकेतल्या शहरांत ड्रायव्हर प्रत्यक्ष कसे गेले, याचे हजारो मार्ग खुले केले आणि स्पर्धकांना सांगितलं: लहान मार्ग काढू नका, अनुभवी ड्रायव्हर कसा जाईल ते ओळखा. एक लाख डॉलरचं पहिलं बक्षीस विल्यम कुक, स्टीफन हेल्ड आणि केल्ड हेल्सगॉन यांना मिळालं. तिघेही मार्गांच्या जुन्या गणितातले मुरलेले लोक. ड्रायव्हर घर-घर मोजत नाहीत, वस्ती-वस्ती संपवत जातात, हे त्यांनी नोंदींतून वेचलं आणि ते नियम गणितात घातले. गाडी कुठे लावता येते, कुठलं ऑफिस दुपारी बंद असतं, कुठला चौक चारनंतर तुंबतो, हे सगळं ड्रायव्हरच्या त्या 'वेड्यावाकड्या' वाटेत आधीच मुरलेलं होतं.

हा मला या साऱ्या विषयातला सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो. यंत्राने माणसाकडून शिकलं, ठीक. पण शिकून झाल्यावर ती माहिती कंपनीची झाली. काल लागलेला ड्रायव्हरही आज वीस वर्षांच्या अनुभवी माणसासारखा मार्ग घेऊ शकतो. मग वीस वर्षांच्या अनुभवाचे जादा पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

आरटीओची भीती

या धंद्यात आरटीओ म्हणजे गाडीचा पासिंगवाला नव्हे. माल गिऱ्हाइकाने घेतला नाही आणि जिथून निघाला तिथे परत आला, तर त्याला आरटीओ म्हणतात. 'आल्यावर पैसे' ही सोय फ्लिपकार्टने 2010 मध्ये आणली आणि तिच्यावरच भारतात ऑनलाइन खरेदी रुजली. पण ज्याने पैसे दिलेले नाहीत, तो दारातूनच "नको आता" म्हणू शकतो. इचलकरंजीच्या साडी विकणाऱ्याला मग जाण्याचाही खर्च, येण्याचाही खर्च, आणि चुरगळलेली साडी.

म्हणून यंत्र ऑर्डर घेतानाच अंदाज बांधतं की ही परत येईल का. पत्ता अर्धवट आहे का, या नंबरवरून आधी किती माल परत आला, वस्तू कुठली, रात्री दीडला मागवलीय का, पिनकोड कोणता. धोका जास्त वाटला की 'आल्यावर पैसे' हा पर्याय तुमच्या पडद्यावर उमटतच नाही. तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही. दिसतच नाही, तर भांडणार कुणाशी?

इथे भुर्दंडाची जागा बदलते. तुमच्या पिनकोडातल्या इतरांनी माल परत केला, त्याची शिक्षा तुम्हाला. अ‍ॅमेझॉनची त्याच दिवशी सामान पोचवणारी सेवा अमेरिकेतल्या बोस्टन शहरात कुठे-कुठे मिळते, हे 2016 मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी नकाशावर मांडलं. चहूबाजूंनी सेवा होती आणि मधोमध रॉक्सबरी ही वस्ती कोरी. रॉक्सबरीत प्रामुख्याने कृष्णवर्णीय लोक राहतात. कंपनी म्हणाली, आम्ही वंश पाहिलाच नाही, आणि ते खरंही असेल. आकड्यांमागे वस्ती आपोआप आली. बोभाटा झाल्यावर रॉक्सबरीला सेवा मिळाली. आपल्याकडच्या पिनकोडांचा असा नकाशा कुणी काढला तर मी तो आवडीने बघेन.

आणि रायडर? भिंतीपलीकडच्या पोराला मी विचारलं, पत्ता चुकला तर तुला त्या वेळेचे पैसे मिळतात का. तो हसला. "थांबलेल्या टायमाचे कोण देतंय, काका." प्रत्येक कंपनीचे हिशेब वेगळे असतील, पण दर ऑर्डरमागे पैसे मिळत असतील तर नकाशाची चूक रायडरच्या मिनिटांतून वसूल होते, हे उघड आहे. नीती आयोगाने 2022 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार 2020-21 मध्ये देशात असे कामागणिक पैसे मिळवणारे, म्हणजे गिग कामगार, 77 लाख होते आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील. त्यांचं नाव कायद्यात पहिल्यांदा आलं ते 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, आणि ती लागू व्हायला 21 नोव्हेंबर 2025 उजाडला. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची, असं त्यात आहे. मिनिटांचा हिशेब त्यात नाही.

आता पुढची पायरी गप्पा मारणाऱ्या मदतनिसांची. अ‍ॅमेझॉनने 2024 मध्ये रूफस आणला. त्याला 'पाच जणांच्या मसालेभाताला काय लागेल' असं विचारता येतं. सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण 'सांबार' शोधल्यावर आपल्याला निदान यादी दिसत होती आणि चूक कळत होती. मदतनीस एकच उत्तर ठामपणे देतो आणि टोपलीही भरतो, त्यामुळे यादीतलं 'प्रायोजित' कुठे गेलं ते बघायची सवय लावून घ्यावी लागेल.

आमच्या भिंतीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी अ‍ॅपमध्ये ठिपका गेटवर सरकवला. आठवडाभर रायडर बरोबर आले. मग पुन्हा भिंतीपलीकडून हाका सुरू. जरा चौकशी केल्यावर उलगडा झाला. सोसायटीतल्या बाकीच्यांनी केव्हाच भांडण सोडून दिलंय. रायडर मागे आला की ते भिंतीवरून पिशवी घेतात, रायडर तिथेच उभा राहून बटण दाबतो, आणि यंत्राच्या वहीत आणखी एक ठिपका पडतो: डिलिव्हर झालं, इथेच. गेल्या महिन्यात वॉचमनने भिंतीशी एक लाकडी स्टूल आणून ठेवलंय.